कर्मनाशेची रेषा : काशी-विंध्य परिसराचे जुने स्थलनिर्देशक नकाशे आणि तीर्थवाङ्मय

१. प्रास्ताविक

वाराणसीत विश्वनाथाची दोन प्रसिद्ध मंदिरे आहेत. एक ज्ञानवापीजवळचे, ज्याची वास्तू अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास उभी केली; दुसरे काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारातील, विसाव्या शतकात बांधलेले. दोहोंतील अंतर दोन कोसांहून कमी. तरीही भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या मालिकेतील स्थलनिर्देशक नकाशांत ही दोन मंदिरे एका कागदावर सापडत नाहीत. ८३ अंश पूर्व रेखांश शहराच्या अंगावरून जातो आणि या मालिकेतील पत्रके रेखांश-अक्षांशांवरच कापलेली असतात. त्यामुळे विश्वविद्यालयातील विश्वनाथ '६३ के/१५' या पत्रकात, तर गंगाकाठचा विश्वनाथ '६३ ओ/३' या पत्रकात पडतो. दक्षिणेस पंचवीस अंश पंधरा मिनिटांचा अक्षांशही शहराला लागूनच जातो. म्हणजे काशी ही नगरी चार पत्रकांच्या कोपऱ्याजवळ वसलेली आहे. तिचा परिसर एकत्र पाहावयाचा तर चार कागद जोडावे लागतात.

ही विभागणी करणाऱ्यांच्या मनात काशीविषयी अनादर नव्हता, आदरही नव्हता. पृथ्वीच्या पाठीवर कल्पिलेल्या एका जाळीचे ते फलित होते. परंतु ज्या क्षेत्राला शास्त्रग्रंथांनी 'अविमुक्त', म्हणजे कधीही न सोडलेले व न तुटलेले, असे म्हटले, ते क्षेत्र या जाळीत चार तुकड्यांत विभागले जावे, ही घटना तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने थांबून पाहावी अशी आहे. एकाच भूमीचे दोन पाठ येथे परस्परांसमोर उभे राहतात. प्रत्येकाला स्वतःचे व्याकरण आहे, स्वतःचा काळ आहे आणि स्वतःचे मौनही आहे.

प्रस्तुत लेखात चुनारपासून चौशापर्यंतची गंगा, तिला मिळणाऱ्या वरुणा, असी व कर्मनाशा या नद्या आणि दक्षिणेकडील विंध्य-कैमूरचे पठार एवढा प्रदेश विचारासाठी घेतला आहे. चकिया-नौगढचा डोंगराळ, बव्हंशी ग्रामीण भाग १९९७ मध्ये चंदौली हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत वाराणसी जिल्ह्यातच मोडत असे. या प्रदेशाचे जुने नकाशे आणि त्याच प्रदेशाविषयीचे तीर्थवाङ्मय व मराठी प्रवासलेखन यांचे एकत्र वाचन केले असता काय हाती येते, हा येथील प्रश्न आहे.

२. नकाशा हा पाठ कसा घडतो

या प्रदेशाचे मोजणीवर आधारलेले पहिले महत्त्वाचे चित्र जेम्स रेनेल याच्या नावावर जमा आहे. १७६४ मध्ये त्याने बंगालमधील नद्यांच्या मोजणीस आरंभ केला, १७६७ मध्ये तो बंगालचा सर्वेक्षण-प्रमुख झाला आणि १७७७ मध्ये निवृत्त झाला. त्याच्या 'बेंगॉल अ‍ॅटलास'मध्ये (पहिली आवृत्ती १७७९) दक्षिण बिहारचा जो नकाशा आहे, त्यात गंगेचा प्रवाह चुनारगडापर्यंत दाखविला आहे. रेनेलची पद्धत मुख्यतः मार्गमोजणीची होती. रस्त्याने किंवा नदीने जावयाचे, चाकाच्या यंत्राने अंतर आणि होकायंत्राने दिशा घ्यावयाची, आणि वाटेत लागलेली गावे मांडत जावयाची. परिणामी नदीकाठ आणि हमरस्ते दाट भरलेले, तर वाटेपासून दूर असलेला डोंगराळ मुलूख विरळ, असे या नकाशांचे रूप आहे. प्रवासवर्णनाशी या नकाशाचे नाते उघड आहे. जेथे प्रवासी गेला तेथे मजकूर आहे. जेथे गेला नाही तेथे कोरा कागद आहे.

एकोणिसाव्या शतकात ही पद्धत बदलली. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून विल्यम लॅम्बटनने ज्या त्रिकोणमितीय मोजणीस प्रारंभ केला, तिचा मध्यवर्ती चाप दख्खन आणि वऱ्हाडातून उत्तरेस सरकला. लॅम्बटनचा मृत्यू १८२३ मध्ये आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे झाला. पुढे सिरोंजपासून कलकत्त्यापर्यंतची आडवी त्रिकोणमालिका जोसेफ ऑलिव्हरच्या देखरेखीखाली १८२५ मध्ये हाती घेण्यात आली. आता गावावरून रस्त्याकडे जाणारी दृष्टी मागे पडून डोंगरमाथ्यावरून डोंगरमाथ्याकडे पाहणारी दृष्टी आली. प्रवासी भूमीवरून चालतो. त्रिकोणमितीचा निरीक्षक तिच्यावरून पाहतो. निवेदकाच्या स्थानातील हा बदल कथनशास्त्राच्या अभ्यासकास परिचित वाटेल. मार्गनकाशाचा निवेदक कथेत वावरणारा आहे, तर त्रिकोणमितीय नकाशाचा निवेदक सर्वज्ञ आणि अदृश्य आहे.

या मोजणीच्या आधारे चार मैलांस एक इंच या प्रमाणात 'इंडियन अ‍ॅटलास'ची पत्रके लंडनमध्ये जॉन वॉकर याच्या देखरेखीखाली कोरली गेली. त्यांत डोंगर काळ्या बारीक उताररेषांनी दाखविले आहेत. चढ जितका तीव्र तितक्या रेषा दाट. १९०४-०५ च्या सर्वेक्षण समितीनंतर मात्र आधुनिक स्थलनिर्देशक मालिकेचे स्वरूप ठरले. पाणी निळे, समोच्च रेषा तपकिरी, वन हिरवे, शेती पिवळी, वस्ती व रस्ते तांबडे, अक्षरे काळी. मैलास एक इंच या प्रमाणाच्या पत्रकांची जागा पुढे दशमान पद्धतीच्या स्वीकारानंतर १:५०,००० प्रमाणाने घेतली, पण क्रमांकनाची चौकट तीच राहिली. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी उपयोगासाठी आणि संरक्षणासाठी दोन वेगळ्या मालिका केल्या व क्रमांकनही बदलले. त्यामुळे '६३ के' आणि '६३ ओ' ही नावे आज ऐतिहासिक झाली आहेत.

प्रत्येक पत्रकाच्या समासात मोजणीचे वर्ष, आवृत्ती आणि दुरुस्तीच्या नोंदी असतात. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाने हा समास आधी वाचावयास हवा. १९१० च्या सुमारास मोजलेले आणि १९६० नंतर पुन्हा छापलेले पत्रक हे एका काळाचे साक्षीपत्र नसून दोन काळांचा संकर असतो. विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'ची स्थिती येथे आठवावी. १८५७ च्या आसपासचा प्रवास, त्यानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी केलेले लेखन, चिं. वि. वैद्य यांनी संस्कारून १९०७ मध्ये केलेले प्रकाशन आणि १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदार यांनी सिद्ध केलेला मूळ पाठ, असे त्या ग्रंथाचे थर आहेत. नकाशापत्रकालाही असेच थर असतात. फरक इतकाच की, साहित्याच्या अभ्यासकाला ग्रंथाचे थर शोधण्याची सवय असते, नकाशाचे नसते.

३. नकाशाचा ऋतू

स्थलनिर्देशक नकाशा कालातीत भासतो, पण त्याला ऋतू आहे. मोजणीची पथके पावसाळा संपल्यावर निघत आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतत. चौमासा मुख्यालयात बसून आकडेमोड व रेखाटन करण्याचा काळ असे. त्यामुळे पत्रकावरील गंगा ही हिवाळ्यातील गंगा आहे: पात्रात निळा प्रवाह, त्याच्या बाजूस ठिपक्यांनी दाखविलेले वाळूचे विस्तीर्ण पट्टे, किनाऱ्यावर काठाची उंची सांगणारा आकडा. रामनगरच्या बाजूचा रेतीचा प्रदेश या नकाशांत भूमीसारखा स्थिर दिसतो. श्रावण-भाद्रपदातील गंगा, जी हा सगळा पट्टा गिळून टाकते आणि घाटांच्या पायऱ्यांवरून गल्लीपर्यंत येते, ती नकाशात नाही. पठारावरील चंद्रप्रभेसारख्या नद्यांचे तर रूपच पावसाळ्यात कळते. राजदरी आणि देवदरी हे तिचे धबधबे पावसाळ्यात जे असतात, ते फेब्रुवारीत पाहणाऱ्या मोजणीदाराच्या हाती लागणे शक्य नव्हते. हंगामी ओढा नकाशात काळ्या रेषेने दाखविला जातो, म्हणजे त्याचे कोरडे असणे हेच त्याचे लक्षण ठरते.

यात्रेकरूचा ऋतूही जवळपास हाच होता. चातुर्मासात यात्री एका ठिकाणी मुक्काम करीत आणि पाऊस सरल्यावर वाटेला लागत. मोजणीदार आणि यात्रेकरू एकाच ऋतूत, बहुधा एकाच रस्त्यांवरून चालत होते. पण यात्रेकरूच्या ग्रंथात पावसाळाही आहे. कोणत्या महिन्यात कोणत्या कुंडावर स्नान करावे, कोणत्या पर्वणीस कोणत्या देवतेचे दर्शन घ्यावे, याची तपशीलवार योजना तीर्थग्रंथांत असते. तेथे स्थळ हे तिथीशी बांधलेले आहे. नकाशाने स्थळाची तिथीपासून सुटका केली. ही त्याची शक्ती आहे आणि मर्यादाही.

४. शब्दांनी रेखाटलेली भूमी

नकाशापूर्वी भूमीचे नेमके वर्णन करण्याची परंपरा आपल्याकडे नव्हती, हा समज मराठीपुरता तरी सहज खोडता येतो. चौदाव्या शतकातील महानुभावीय 'स्थानपोथी' हा ग्रंथ श्रीचक्रधरांच्या वास्तव्याने पावन झालेल्या स्थानांची नोंद करतो. वि. भि. कोलते यांनी संपादिलेल्या या ग्रंथात गाव नदीच्या कोणत्या बाजूस आहे, देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, ओटा कोठे, वाट कोणीकडून जाते, हे इतक्या काटेकोरपणे सांगितले आहे की त्यावरून आराखडा काढता यावा. देऊळ पडले तरी जागा हरवू नये, ही तिच्यामागील प्रेरणा आहे. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी 'कनेक्टेड प्लेसेस' (२००३) या ग्रंथात महाराष्ट्रातील प्रदेशजाणिवेचा विचार करताना अशा साहित्याचा जो उपयोग केला आहे, त्यावरून त्याचे मोल ध्यानात येते.

काशीच्या बाबतीत असा ग्रंथ संस्कृतात आहे, आणि त्याचा कर्ता महाराष्ट्रीय कुळातला आहे. पैठणहून काशीस आलेल्या भट्ट घराण्यातील नारायणभट्ट (जन्म १५१३) यांचा 'त्रिस्थलीसेतु' हा प्रयाग, काशी व गया या तीन क्षेत्रांचा निबंध होय. 'सेतु' हे नाव अर्थपूर्ण आहे. भूमीवर ही तीन क्षेत्रे वेगवेगळी आहेत. ग्रंथ त्यांना विधीच्या क्रमाने जोडतो. नकाशा अंतर दाखवून स्थळे जोडतो, तर निबंध कर्तव्य सांगून जोडतो. गोदावरीकाठचे कुळ गंगेकाठी बसून जो ग्रंथ रचते, त्यात दोन नद्यांमधील प्रवासच शास्त्ररूप झाला आहे असे म्हणावे लागते.

स्कंदपुराणातील काशीखंडाचा आरंभ तर डोंगरापासूनच होतो. मेरूच्या स्पर्धेने वाढत गेलेला विंध्य सूर्याचा मार्ग अडवितो. देव काशीत राहणाऱ्या अगस्त्याकडे जातात. अगस्त्य काशी सोडून दक्षिणेस निघतो, विंध्य त्याला नमतो आणि 'मी परत येईपर्यंत असाच राहा' या शब्दात अडकतो. काशीच्या विरहाने व्याकूळ अगस्त्य पुढे कोल्हापुरास महालक्ष्मीपाशी येतो. काशीचे महात्म्य काशी सोडणाऱ्या ऋषीच्या निमित्ताने उलगडते आणि ते विंध्य ओलांडून करवीरास पोहोचते, ही रचना मराठी वाचकाला विशेष जवळची आहे. आता याच विंध्याकडे नकाशाच्या डोळ्यांनी पाहावे. चकियाच्या दक्षिणेस तपकिरी समोच्च रेषा एकदम दाटतात. मैदान संपून पठाराची कडा सुरू होते. त्रिकोणाच्या खुणेशेजारी समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. नकाशातील उंची समुद्रापासून मोजली जाते. पुराणातील उंची सूर्याच्या मार्गापर्यंत मोजली जाते. एकीत डोंगर किती चढला हे कळते, दुसरीत तो का थांबला हे. पठाराची सपाट पाठ, जिला भूगोलज्ञ वालुकाश्माच्या आडव्या थरांनी समजावून देतो, तिला पुराण नमस्काराची मुद्रा म्हणते. एकाच भूरूपाची ही दोन वाचने परस्परांना खोटी पाडत नाहीत; ती वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

तीर्थदृष्टीने काढलेले नकाशेही होते, हे येथे विसरून चालणार नाही. १८७६ मध्ये कैलासनाथ सुकुल यांनी सिद्ध केलेला 'काशीदर्पण' हा छापील यात्रानकाशा प्रसिद्ध आहे. यॉर्ग गेंगनागेल यांनी अशा नकाशांचा अभ्यास करून त्यांना शब्दपाठाचे दृश्यरूप मानले, ते योग्यच आहे. पंचक्रोशीची कल्पना मध्यमेश्वर हा केंद्र आणि देहलीविनायकापर्यंतचे अंतर ही त्रिज्या मानून केलेल्या वर्तुळाची आहे. प्रत्यक्ष यात्रामार्ग सुमारे साडेअठ्ठ्याऐंशी किलोमीटरांचा, वेडावाकडा असून कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर आणि कपिलधारा असे त्याचे मुक्काम आहेत. सुकुल यांच्या कालखंडात मोजणीचे नकाशे उपलब्ध होते. प्रिन्सेपचा शहरनकाशा पन्नास वर्षांहून जुना झाला होता. तरीही यात्रानकाशाने आपली परंपरा सोडली नाही. स्थलनिर्देशक पत्रकांवर हे पाच मुक्काम विखुरलेल्या गावांसारखे दिसतात. त्यांना जोडणारे वर्तुळ फक्त ज्याला ते ठाऊक आहे त्यालाच दिसते. म्हणून मोजणीच्या नकाशाला 'खरा' आणि यात्रानकाशाला 'काल्पनिक' म्हणण्यात अर्थ नाही. एक चालणाऱ्याचे स्थान सांगतो, दुसरा चालण्याचे प्रयोजन.

५. कर्मनाशा : एक नदी, तीन सीमा

या तुलनेचे सर्वांत बोलके उदाहरण कर्मनाशा हे आहे. कैमूरच्या पठारावर उगम पावून सुमारे १९२ किलोमीटर वाहणारी ही नदी चौशाजवळ गंगेस मिळते. जुन्या मालिकेत तिचा उगम '६३ पी' या पत्रकात आणि संगम '६३ ओ' या पत्रकात येतो. नकाशाच्या दृष्टीने ती इतर नद्यांसारखी एक निळी रेषा आहे. परंतु तिचे नावच सांगते की तिच्या जलस्पर्शाने संचित पुण्यकर्म नष्ट होते. उलटे लोंबकळणाऱ्या त्रिशंकूच्या मुखातील लाळेपासून ती झाली, अशी कथा आहे.

काशीहून गयेस जाणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूपुढे ही नदी आडवी येत असे. त्रिस्थली यात्रा करणाऱ्या दाक्षिणात्याला ती टाळता येत नव्हती. पाण्याचा स्पर्श होऊ नये म्हणून वाहकाच्या खांद्यावर बसून पलीकडे जाण्याची रीत होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याहून नाना फडणवीसांनी या नदीवर पूल बांधण्याचे काम हाती घेतले. पाया घातला गेला, पण काम पुरे होऊ शकले नाही. पुढे बनारसचे राजा पटनीमल यांच्या द्रव्याने आणि जेम्स प्रिन्सेप याच्या आराखड्यानुसार १८३० च्या सुमारास तेथे दगडी पूल झाला. पुण्याच्या कारभाऱ्याने पाहिलेली गरज, काशीच्या धनिकाचा दानधर्म आणि कंपनीच्या टांकसाळीतील अधिकाऱ्याचे स्थापत्य हे तिन्ही एका नदीवर एकत्र आले. पूल ही येथे केवळ दळणवळणाची सोय नाही; तो एका शास्त्रीय अडचणीचा दगडात केलेला परिहार आहे. नकाशात तो रस्ता आणि नदी यांच्या छेदावरील दोन लहान रेषांची खूण होऊन बसला.

त्याच नदीला राजकीय अर्थही होता. १७६४ ची बक्सरची लढाई तिच्या संगमापासून फार दूर झाली नाही. १७६५ मध्ये बिहारची दिवाणी कंपनीकडे गेल्यावर कर्मनाशा ही कंपनीच्या मुलखाची पश्चिम सीमा ठरली, ती १७७५ मध्ये बनारस कंपनीकडे येईपर्यंत. रेनेलच्या नकाशात चुनारगडापर्यंत गंगा का येते, याचे उत्तर या सीमेच्या अलीकडे-पलीकडे चाललेल्या लष्करी हालचालींत आहे. आज काही अंतरापर्यंत हीच नदी उत्तर प्रदेश आणि बिहार या राज्यांची सीमा आहे.

म्हणजे पुण्य-पापाची, तहाची आणि राज्यकारभाराची अशा तीन सीमा एका पात्रातून वाहतात. स्थलनिर्देशक पत्रकावर यांपैकी फक्त शेवटचीला चिन्ह आहे. दुसरी जुन्या नकाशांत रंगाने दिसते. पहिलीला चिन्हच नाही. मात्र ती पूर्णपणे पुसलीही गेलेली नाही, कारण नाव शिल्लक आहे. मोजणीदाराने नाव ऐकले आणि लिहिले. त्या नावात संपूर्ण कथा दडलेली आहे, हे त्याला ठाऊक असो वा नसो. स्थलनाम हा नकाशातील सर्वांत वाङ्मयीन घटक आहे, तो या अर्थाने.

६. अक्षरे आणि अर्थ

नाव लिहिताना मात्र पुष्कळ काही बदलते. रेनेलच्या काळात ऐकलेला ध्वनी इंग्रजी कानाने टिपला जाई; चुनारगडाचा अंत्य व्यंजन त्याच्या लेखनात 'र' झाला. प्रिन्सेपच्या १८२२ च्या मोजणीवर आधारलेल्या शहरनकाशाच्या शीर्षकात नगरीचे नाव 'बुनारस' असे वाचता येईल अशा रोमन अक्षरांत आहे. ऱ्हस्व 'अ' साठी रोमन 'यू' वापरण्याची ही गिलख्रिस्टच्या वळणाची पद्धत होती. पुढे हंटरच्या नावाने ओळखली जाणारी लिप्यंतरपद्धती सर्वेक्षणाने स्वीकारली. २४ मे १९५६ रोजी नगरीचे अधिकृत नाव वाराणसी झाले आणि नकाशांवरही ते आले. ज्या प्रिन्सेपने नगरीचे नाव परक्या लिपीत असे लिहिले, त्यानेच १८३७ मध्ये ब्राह्मी लिपीचे वाचन पूर्ण केले, हा योगायोग लिपीच्या इतिहासाकडे पाहणाऱ्याने नोंदवावा.

हंटरच्या पद्धतीने बरीच शिस्त आणली, पण व्यवहारात खुणांचा वापर सुटल्याने दंत्य व मूर्धन्य वर्णांतील, ऱ्हस्व व दीर्घ स्वरांतील भेद नाहीसे झाले. पंचक्रोशीतील 'कंदवा' हे गाव रोमन अक्षरांतून वाचणारा मराठी वाचक 'कांडवा'ही म्हणू शकतो. मग त्याच गावातील कर्दमेश्वराशी आणि कर्दम ऋषीशी असलेला त्या नावाचा धागा तुटतो. देवनागरीतून रोमनमध्ये आणि रोमनमधून पुन्हा देवनागरीत असा दुहेरी प्रवास करून आलेली कितीतरी गावे सरकारी फलकांवर स्वतःलाच अनोळखी झालेली आढळतात. भाषांतराच्या अभ्यासात मूळ शब्द आणि परत आलेला शब्द यांतील तफावत हा महत्त्वाचा पुरावा असतो. स्थलनामांना तोच न्याय लावावयास हवा.

'घाट' या शब्दाचा प्रवास तर स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. वाराणसीत घाट म्हणजे नदीत उतरणाऱ्या पायऱ्या. सह्याद्रीत घाट म्हणजे डोंगर ओलांडणारी वाट. मराठीत दोन्ही अर्थ सुखाने नांदतात; शिवाय 'घाटावरचा माणूस' म्हणजे कोकणाबाहेरचा, देशावरचा, असा तिसरा अर्थही आहे. तिन्हींच्या मुळाशी उतरण्या-चढण्याची जागा, एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर जाण्याचा संधी ही कल्पना आहे. युरोपीय नकाशांनी वाटेचे नाव डोंगराला दिले आणि सबंध पर्वतरांग 'वेस्टर्न घाट्स' झाली. ओलांडण्याची क्रिया ज्या शब्दात होती, तो शब्द अडथळ्याचे नाव बनला. काशीच्या घाटांवर उतरणारा मराठी यात्री सह्याद्रीचा किंवा विंध्याचा घाट उतरूनच तेथे आलेला असे. त्याच्या भाषेत हा एकच शब्द होता. नकाशाच्या सूचीत त्याच्या दोन वेगळ्या खुणा झाल्या.

नकाशामागील माणसेही या अक्षरांत लपलेली आहेत. रेनेलने आपल्या हिंदुस्थानच्या नकाशाच्या निवेदनात सदानंद नावाच्या ब्राह्मणाने केलेल्या गुजरातच्या नकाशाचा नाव घेऊन गौरवाने उल्लेख केला. हा नकाशा त्याला चार्ल्स मॅलेटकडून मिळाला होता. पुढील शतकात मोजणीचे काम वाढले, शेकडो खलाशी साखळ्या ओढू लागले, गावोगावचे लोक नावे सांगू लागले. पण पत्रकाच्या समासात त्यांना जागा राहिली नाही. नावे त्यांनी सांगितलेली आहेत, म्हणून या नकाशांना एकाच लेखकाची कृती मानता येत नाही. ते मौखिक परंपरेचे, लेखनिकाच्या हातून उतरलेले संकलन आहे.

७. असी : नदी की नाला

हे वाचन केवळ ग्रंथालयापुरते राहत नाही, याची जाणीव असी नदी करून देते. वरुणा आणि असी यांच्या मधली ती वाराणसी, अशी व्युत्पत्ती पुराणांनी रूढ केली. दुसऱ्या मतानुसार नगरीचे नाव एकट्या वरुणेच्या प्राचीन नावावरून आले. जाबालोपनिषदाने तर 'वरणा' आणि 'नासी' यांना देहाच्या आत, भुवया आणि नासिका यांच्या संधीवर नेऊन ठेवले. व्युत्पत्ती कोणतीही खरी असो, नगरीच्या आत्मकल्पनेत असी ही दक्षिण सीमा आहे.

प्रत्यक्षात ही लहान नदी विसाव्या शतकात शहराच्या वाढीखाली दबत गेली. तिचा प्रवाह त्या शतकाच्या उत्तरार्धात मूळ संगमापासून दक्षिणेस, नगव्याच्या बाजूस वळविण्यात आला. असी घाट राहिला. असी तेथून गेली. आज अनेकांच्या बोलण्यात ती 'अस्सी नाला' आहे. नदी आणि नाला हे दोन शब्द केवळ लहान-मोठेपणा सांगत नाहीत. नदीला पात्र असते, काठ असतो, पूररेषा असते आणि त्यावर बांधकामाचा निर्बंध येऊ शकतो. नाला झाकता येतो, वळविता येतो, बुजविता येतो. २०२१ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने वरुणा आणि असी यांच्या पुनरुज्जीवनाच्या प्रश्नासाठी समिती नेमली, तेव्हा नदी मुळात कोठून वाहत होती, हा प्रश्न अपरिहार्य झाला.

या प्रश्नाचे उत्तर कोणता पाठ देतो? पुराण असीचे अस्तित्व आणि पावित्र्य सांगते, पण तिचा काठ कोणत्या शेतातून जात होता हे सांगत नाही. प्रिन्सेपचा १८२२ चा नकाशा आणि विसाव्या शतकारंभीची पत्रके तिचे वळण दाखवितात, पण ती वाचविण्याजोगी का, हे सांगत नाहीत. एका पाठाकडे स्थान आहे, दुसऱ्याकडे मूल्य. प्रिन्सेपच्या नकाशात दिसणारी मत्स्योदरीसारखी जलाशये पुढे आटविण्यात आली. त्यातला काही वाटा स्वतः प्रिन्सेपच्या निचरा-योजनेचा होता. मोजणारा आणि बदलणारा हात पुष्कळदा एकच असतो. तरीही त्याने मोजून ठेवले म्हणूनच काय बदलले हे आज कळते. साम्राज्याच्या सोयीसाठी काढलेला नकाशा आज साम्राज्याला अपेक्षित नसलेल्या कामी, हरवलेल्या नदीच्या बाजूने साक्ष देण्यासाठी, उपयोगी पडू शकतो.

८. समारोप

जे. बी. हार्ली यांनी १९८९ मध्ये नकाशाला सत्तेचा पाठ म्हणून वाचण्याची दिशा दाखविली. मॅथ्यू एडनी यांनी 'मॅपिंग अ‍ॅन एम्पायर' (१९९७) या ग्रंथात भारतातील मोजणीच्या संदर्भात तिचा विस्तार केला. या वाचनाचे ऋण मान्य करूनही येथे एक पुस्ती जोडावी लागते. सत्तेचा पाठ एवढ्यावर नकाशा संपत नाही. त्याच्या नावांत गावकऱ्यांचा उच्चार आहे, त्याच्या कोरड्या ओढ्यांत विशिष्ट हिवाळा आहे, त्याच्या समासात आवृत्त्यांचा इतिहास आहे. 'स्थानपोथी', 'त्रिस्थलीसेतु' आणि काशीखंड यांच्या शेजारी ठेवून वाचला, तर जे त्याला सांगता येत नाही ते ऐकू येते आणि जे त्या ग्रंथांना सांगता येत नाही ते दिसू लागते.

यासाठी दोन कामे तातडीची आहेत. पहिले, जुन्या मालिकेतील पत्रके आवृत्तीनिहाय जपणे. नवी मालिका आली की जुनी पत्रके रद्दीत जाण्याचा धोका असतो आणि ग्रंथाची केवळ शेवटची आवृत्ती ठेवण्याने जे नुकसान होते तेच येथे होते. दुसरे, स्थलनामांचे देवनागरी आणि रोमन पाठभेद, स्थानिक उच्चार व संबंधित कथा यांची एकत्र सूची करणे. हे काम भूगोल, इतिहास आणि साहित्य या विभागांनी मिळूनच होऊ शकेल.

काशी चार पत्रकांच्या कोपऱ्याजवळ पडते, या नोंदीने लेखाचा आरंभ झाला. ती चार पत्रके जोडण्याचे काम पूर्वी यात्रेकरू पायांनी करीत असे. कंदव्याहून भीमचंडीकडे, शिवपुराहून कपिलधारेकडे जाताना तो कागदाच्या कडा नकळत ओलांडी. अभ्यासकाला त्या कडा जाणीवपूर्वक ओलांडावयाच्या आहेत.